सातवं इंजिन

कवळ्या बनवणारा माणूस विमानंही बनवतो हे ऐकलं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे खेळण्यातली?" या प्रश्नाने त्याचं डोकंच फिरायचं. साडेसात फूट पंख, आठ किलो वजन, नाकावर पेट्रोलचं इंजिन आणि त्याला चांगला अडीच वितींचा पंखा. हे खेळणं? अशाच एका पंख्याने विमानं उडवायच्या मैदानावर एका सद्गृहस्थाची दोन बोटं नेली होती. "खेळणी बोटं नेत नाहीत, साहेब," एवढं बोलून तो पुन्हा समोरच्याला जबडा उघडायला लावायचा.

दोन खोल्यांचं त्याचं दुकान. पुढच्या खोलीत प्लास्टरचे साचे, गुलाबी हिरड्या, रंगाप्रमाणे लावून ठेवलेले दात. मागच्या खोलीत विमान. पुढे पांढरी धूळ, मागे हलक्या लाकडाची पिवळी धूळ, आणि मधल्या दारात हा, दोन्ही धुळींनी माखलेला. विमानात बसवलेल्या वैमानिकाच्या पुतळ्यालासुद्धा त्याने बत्तीसच्या बत्तीस दात केले होते. हौसच ती!

पण एक गोष्ट ऐकून तुम्हीही चक्रावाल. या माणसाला विमान उडवता येत नव्हतं. अजिबात नाही. तीस वर्षांत त्याने नऊ विमानं बांधली आणि नऊच्या नऊ त्याच्या थोरल्या भावाने उडवली. वाटणीच तशी होती. छोट्याने बांधायचं, दादाने उडवायचं. छोट्या आता छप्पन्न वर्षांचा, डोक्यावर केस नावापुरते, तरी दादाच्या तोंडी तो छोट्याच.

दादा बंदरावर क्रेन चालवायचा. उंचावर काचेच्या खोलीत बसून, दोन हातांत दोन दांडे धरून, अख्खा कंटेनर असा अलगद ठेवायचा की खालच्या माणसाच्या हातातला चहा हलू नये. विमानाच्या रिमोटलाही दोनच दांड्या असतात. उजवी विमान वळवायला, डावी मुख्यतः इंजिनाचा जोर वाढवायला-कमी करायला. दादाला ते शिकावं लागलंच नाही. आकाशात विमान उलटं करायचा, गिरक्या घालायचा, आणि शेवटी त्याची ती ठेवणीतली करामत. विमान नाक वर करून हवेत उभं टांगायचा, जमिनीपासून हातभर अंतरावर, नुसत्या पंख्याच्या जोरावर. त्या वेळी सगळा खेळ डाव्या अंगठ्याचा. किंचित जोर जास्त झाला की विमान वर सुटतं, किंचित कमी झाला की शेपटीवर आपटतं. दादाच्या अंगठ्याने कधी दगा दिला नाही.

आणि क्रेनवरची एक सवय त्याला कायमची चिकटली होती. हात हलायच्या आधी ओठ हलायचे. "उचल… धर… धर… सोड." स्वतःशीच, पुटपुटत. मैदानावर पोरंटोरंसुद्धा त्याची नक्कल करायची.

मग एका सकाळी दाढी करताना दादाच्या हातून वस्तरा गळून पडला. मेंदूत गुठळी. दवाखाना झाला, व्यायाम झाले, चेंडू दाबणं झालं. बोलणं परत आलं, चालणं आलं, डावा हातही आला. अंगठा तेवढा उशिरा यायला लागला. दादाने मनात म्हणायचं आणि अंगठ्याने थोडं थांबून ऐकायचं. कप उचलायला, गुंडी लावायला त्याने काही बिघडत नव्हतं. पण हवेत टांगलेल्या विमानाला तेवढा वेळ फार होतो.

हे डॉक्टरला ठाऊक होतं, वहिनीला ठाऊक होतं, छोट्याला तर होतंच होतं. दादाला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच दहावं विमान तयार होऊन इंजिनाची वाट बघत उभं होतं. त्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं विमान.

विमानाच्या सामानाचा दुकानदार जुना ओळखीचा. इंजिन आठ दिवस घरी न्या, चालवून बघा, पटलं तर ठेवा, अशी त्याची रीत. मागच्या अंगणात छोट्याने लोखंडी टेबल जमिनीत गाडलं होतं. त्यावर इंजिन घट्ट बसवायचं, दादाने दहा हात मागे रिमोट घेऊन खुर्चीत बसायचं आणि इंजिन जोखायचं.

पहिलं आलं एका सिलिंडरचं. साधं, दणकट, पण थरथर फार. खरं तर उत्तम इंजिन होतं. दादाने दांडी पुढे केली, मागे केली, पुन्हा केली. कपाळाला आठ्या.

"मंद आहे रे. सांगितल्यावर लगेच उचलत नाही."

छोट्याने स्क्रू पिळून पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं पातळ केल्यासारखं केलं. नुसतं केल्यासारखं. कारण दादाचे ओठ "उचल" म्हणाले तेव्हा अंगठा जागचा हललाही नव्हता, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. ओठ वाचणं हा तर त्याचा धंदा. नवी कवळी बसवली की समोरच्याला बोलायला लावून चाळीस वर्षं तो ओठच बघत आला होता.

"बघतो दादा. कार्ब्युरेटरचं काहीतरी असेल."

तिथेच सांगितलं असतं तर! पण जीभच उचलली नाही त्याची.

दुसरं इंजिन दोन सिलिंडरचं, लोण्यासारखं गुळगुळीत चालणारं. "हेही मंद." तिसरं जास्त ताकदीचं. "ताकद काय चाटायचीय? वेळेवर नको का यायला?" चौथं परत केलं तेव्हा दुकानदाराने छोट्याकडे रोखून पाहिलं. पाचवं, सहावं. दुकानात ती इंजिनं दुसऱ्या गिऱ्हाइकांनी नेली आणि मैदानावर मजेत उडवलीही.

छोट्याला कळत होतं की हे असंच चाललं तर चालू द्यावं. इंजिन पसंत पडत नाही तोवर विमान उडत नाही, विमान उडत नाही तोवर पडत नाही, आणि दादा अजून दादाच राहतो. निवडच संपू नये, असं त्याला वाटायला लागलं होतं. आता याला शहाणपणा म्हणायचं की भित्रेपणा, तुम्हीच ठरवा. त्याला स्वतःला ठरवता येत नव्हतं.

सातवं इंजिन आणलं त्या दुपारी वहिनी दुकानात आली. बसली नाही. साच्यांच्या कपाटाला टेकून उभी राहिली.

"भाऊजी, काल सकाळपासून ते माझ्याशी बोलले नाहीत. खुर्चीत बसून हात बघत बसतात. पालथा करतात, उलथा करतात."

"काही म्हणाले?"

"म्हणाले असते तर तुमच्याकडे कशाला आले असते? क्रेन सुटली तेव्हाही मी यांना असं पाहिलं नव्हतं. मला भीती वाटते हो." तिने पदराने नाक पुसलं. "तुम्ही काहीतरी करा. तुमचंच ऐकतात."

काहीतरी करा! काय करा? खरं सांगावं तर भाऊ खचणार. न सांगावं तर भाऊ खचतोच आहे. आणि अशा वेळी चांगल्या माणसांना जे सुचतं तेच त्याला सुचलं. म्हणजे नको ते.

दादा यायच्या आधी त्याने टेबलावर इंजिन बसवलं. रिमोटचा हुकूम इंजिनापर्यंत नेणारी बारीक सळई असते, ती त्याने काढून टाकली आणि तिच्या जागी कवळ्यांसाठी वापरतात ती तार जोडली. तारेचं दुसरं टोक टेबलाच्या आडून स्वतःच्या मुठीत. आता दादाने रिमोटवर काहीही केलं तरी इंजिन ऐकणार होतं ते छोट्याच्या मुठीचं.

दादा आला. खुर्चीत बसला. छोट्याने पंखा फिरवून इंजिन चालू केलं, मागच्या बाजूला सरकला आणि स्क्रू पिळायचं सोंग करत दादाच्या ओठांवर डोळे रोवले. आवाज एवढा की ऐकू काही येत नव्हतं. गरजही नव्हती.

ओठ म्हणाले, उचल. छोट्याने तार ओढली. इंजिन कडाडलं.

धर. त्याने धरली.

सोड. सोडली.

दादा चमकला. पुढे वाकला. पुन्हा, आता भराभर. उचल, धर, उचल, सोड, धर. इंजिन शब्दाबरहुकूम चढत होतं, उतरत होतं. दादाचा चेहरा उजळत गेला. डोळे पाणावले. छोट्याच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, तळहातात तार रुतली होती, पण भावाचा तो चेहरा बघून त्याला, खरं सांगतो, फार फार बरं वाटलं. दहा मिनिटं. तेवढंच.

इंजिन बंद झालं. दादा उठून चालत आला आणि त्याने डावा हात छोट्याच्या खांद्यावर ठेवला.

"छोट्या, तुला एक सांगू? सहाच्या सहा इंजिनं मंद कशी असतील रे? मी काय एवढा खुळा आहे?"

छोट्याने मुठीतली तार आणखी आवळली.

"काल ठरवलं होतं मनाशी. हे शेवटचं. हेही मंद निघालं तर दोष इंजिनात नाही, माझ्या हातात आहे. मग रिमोट तुझ्याकडे द्यायचा आणि विषय संपवायचा. रडायचं असेल तेवढं घरी जाऊन रडायचं. तुझ्या वहिनीला सांगायला शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते." दादा खळखळून हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "आणि बघ! हातात काही नाही माझ्या. ठणठणीत आहे हात!"

छोट्याने मूठ पाठीमागे नेली. दादाने स्वतःच दार उघडलं होतं, एकट्याने, कुणीही न ढकलता. याने जाऊन ते बंद केलं. आज आपण नुसतं काही न करता उभे राहिलो असतो, तर झालं असतं सगळं. हे त्याला आता लख्ख कळलं.

"दादा…"

"बोल की."

दादा त्याच्याकडे बघत होता. हसू अजून चेहऱ्यावरून उतरलं नव्हतं. छोट्याने तोंड उघडलं. दुनियेची तोंडं उघडायला लावणारा हा माणूस, पण त्याच्या तोंडातून शब्द फुटेना.

"हेच घेऊ या मग," तो म्हणाला.

"हेच! प्रश्नच नाही." दादाने खिशातून फोन काढला आणि एकेकाला लावायला सुरुवात केली. रविवारी, सकाळी आठला, मैदानावर. हो, हो, मीच उडवणार. बायकापोरांना घेऊन या, लांब कशाला, बघणाऱ्यांसाठी बांधतात त्या दोरीच्या अगदी जवळ उभे राहा, पुष्कळ दिवसांनी टांगून दाखवणार आहे. बोलता बोलता त्याने डाव्या हाताने छोट्याला खूण केली, की विमान बाहेर आण, माझ्यादेखत बसव.

दादा फोनात गुंतला होता तेवढ्यात छोट्याने तार काढून खिशात टाकली, सळई परत जोडली आणि विमान आणलं. इंजिन टेबलावरून उतरवून विमानाच्या नाकावर धरलं. एकेक बोल्ट घालून आवळत गेला.

"घट्ट आवळ रे," दादा फोनवर हात ठेवून म्हणाला. "आणि रविवारी माझ्या शेजारी उभा राहा. विमान टांगेन तेव्हा मला तुझा चेहरा बघायचाय."

"बरं," छोट्या म्हणाला, आणि पुढचा बोल्ट घेतला.