विचारून गप्प बसणारी सुनंदा

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्वीच्या बाजारात मेथी विकत बसले होते. फोन तिच्या मुलाचा होता. "मामी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. समोर एक बाई पिशवी उघडून उभी होती. तिच्या पिशवीत दोन जुड्या टाकल्या, उरलेली मेथी शेजारणीच्या ढिगावर ठेवली आणि एसटी स्टँडकडे निघाले. रडू आलं नाही. गाडीत बसल्यावरही आलं नाही. आता महिना-दीड महिना झाला. येणारा-जाणारा तिच्याबद्दल फार गोड बोलतो. ती तशी गोड नव्हती, म्हणून मी लिहायला बसले.

सुनंदा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जात होती. मी चौथीनंतर शाळा सोडलेली. ती मला पेपर मोठ्यानं वाचायला लावायची आणि अडखळले की हसायची. तरी रोज लावायची, म्हणून माझं वाचणं टिकलं. सासरे दुसऱ्याच्या वावरात मजुरी करायचे, पण पोरीच्या शाळेपुढे कोणाचं ऐकायचे नाहीत. ती शिकून नर्स झाली आणि बदल्यांत फिरत फिरत आमच्याच भागात आली. विहारात बायांना बसवून सांगायची... लेकरांना डोस द्या, हात धुवा, दिवसातून आठ-दहा गिलास पाणी प्या. सांगायची कसली, दटावायची. तिची स्कूटी दिसली की बाया तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून पदरानं तोंड पुसायच्या. एखादीचं लेकरू वजनात कमी भरलं तर ती अख्ख्या गावासमोर तिची खरडपट्टी काढायची. मी म्हणायचे, "तुले पाहून तापच पळून जाते." ती म्हणायची, "पळाला तर बरंच हाय वहिनी, गोळ्या वाचतीन."

पन्नाशीच्या अलीकडे तिनं नोकरी करता करता सार्वजनिक आरोग्याची मोठी डिग्री घेतली. आम्हाला वाटलं, आता थांबेल. तर एक दिवस येऊन म्हणाली, पीएच.डी.ला अर्ज करते. तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे, पलंगावर बसून चहा पीत होते. "आता डाक्टर होऊन कोनाले सुई टोचतं वो?"

"हा सुईवाला डाक्टर नाई, दादा. एक प्रश्न घ्या लागते, ज्याचं उत्तर कोनापाशी नाई. थे शोधून दाखवा लागते."

"मंग मायापाशी लय प्रश्न हायेत. घेऊन जाय."

ती हसली नाही. तिचा प्रश्न ठरलेला होता. कापूस वेचणाऱ्या, तण निंदायला जाणाऱ्या बाया दवाखान्यात तेच तेच दुखणं घेऊन येतात, लघवीला जळजळ, पोटात कळा. औषध घेऊन जातात आणि पुढच्या महिन्यात परत येतात. त्या दिवसभर वावरात पाणी पितात की नाही, आणि पीत नसतील तर का, हे तिला शोधायचं होतं. ह्या अर्जासाठी तिनं जेवढी धडपड केली तेवढी मुलाच्या लग्नातही केली नाही. आधी परीक्षा झाली, ती पास झाली. मग संशोधन कसं करणार ते लिहून द्यायचं होतं, आणि शेवटी मोठ्या सर-मॅडमपुढे बसून त्यांना पटवायचं होतं. नोकरी सोडून चालणार नव्हतं आणि वय पुढं सरकत होतं. ती म्हणायची, "वहिनी, हे नाई झालं तर मी जन्मभर नुसत्या गोळ्याच वाटल्या असं होईन." तिच्या तोंडून असलं बोलणं मी तेव्हाच ऐकलं.

लिहून देण्याआधी बायांना विचारायचे प्रश्न तपासून पाहायचे असतात. त्यासाठी ती आमच्याच गावात आली आणि घरोघर फिरली. मलाही विचारलं. मी म्हटलं, पेतो ना, भरपूर पेतो. सगळीकडून चांगली उत्तरं आली म्हणून ती खुशीत होती. संध्याकाळी ओसरीवर बसून ती उत्तरं मोठ्यानं वाचू लागली. एकीचं आठ-दहा गिलास. दुसरीचं आठ-दहा गिलास. तिसरी म्हणाली होती, हात धुऊन पेतो. चार-पाच घरांनंतर तिचा आवाज खाली आला आणि ती थांबली... "वहिनी, हे तर मीच शिकवलं होतं."

"मंग? पोरं धडा पाठ म्हनून दाखवतेत, तशा बाया म्हनून राह्यल्या."

"तू तरी खरं सांगाचं ना!"

"मी पन तुलेच भेतो. नाई पेत म्हटलं असतं तर तू आठ दिवस डोकं खाल्लं असतं."

ती रागावून जेवली नाही. मी तिचं ताट झाकलं आणि झोपले.

मुलाखत जवळ आली होती. मी तिला सांगितलं, गप्प राह्यजो, त्या सायबलोकांना आपल्या गावचं काय माहीत. तिनं ऐकलं नाही. तिथं जाऊन सांगून आली की माझे प्रश्न फसले, बाया माझंच मला ऐकवतात. एका मॅडमनं विचारलं, मग खरं कसं काढणार? ही म्हणाली, अजून माहीत नाही. त्यांनी घेतलं नाही. त्यांचंही चूक नाही. माहीत नाही म्हणणाऱ्याला मी मेथी विकायलासुद्धा बसवणार नाही. घरी आल्यावर तिनं साडीही बदलली नाही, तशीच भिंतीला टेकून बसली. आमचे हे थट्टा करायला आले आणि तिचं तोंड पाहून परत फिरले.

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या हंगामात तिनं सुटी काढली आणि केळझरकडच्या एका गावात, जिथं तिला कोणी नर्स म्हणून ओळखत नव्हतं, कापूस वेचायला जाऊ लागली. एका ओळखीच्या बाईच्या घरी राहिली. ह्या बायांकडून शिकायचं आहे, पुढे लिहायचं आहे, असं तिनं त्यांना खरंच सांगितलं होतं. फक्त दटावणारी नर्स आहे हे सांगितलं नाही. वेचणं तिला जमायचं नाही. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली, आणि तिच्या झोळीत कापसापेक्षा पाला जास्त. बाया हसायच्या, "हे बाई मालकाले बुडवते." जिच्यावर हसता येतं अशी बाई त्यांनी आपल्यात घेतली.

रविवारी ती माझ्याकडे आली, तेव्हा म्हणाली, "वहिनी, पहिल्या दिवशी मी घरून भरून नेलेली बाटली तशीच घरी आनली."

"काऊन?"

"आडोशाले दूरवर झाड नाई. बाजूच्या वावरात मानसं. उठून गेलं तर आपल्या ओळीची पात मागे राहते... मी पन नाई पेली. कोनी सांगतलं नव्हतं, तरी नाई पेली."

तिथंच तिला विचारण्याची रीत सापडली. प्रश्न एकदाच विचारायचा, मग समोरचीच्या तोंडाकडे बघायचं नाही. हातात काम घ्यायचं आणि गप्प राहायचं. पहिलं उत्तर येतं ते पाहुण्यासाठी असतं. ते येऊन गेल्यावर उठायचं नाही. तिच्यासारख्या बडबड्या बाईला हे किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे. पण ती शिकली. दुसऱ्या वर्षीही तिनं अर्ज केला आणि त्याच मॅडमनी तोच प्रश्न विचारला. हिनं भरलेल्या बाटलीचं सांगितलं आणि गप्प बसण्याचंही सांगितलं. ह्या वेळी घेतलं. पेढे आणायच्या ऐवजी ती माझ्यासाठी केळझरची गवार घेऊन आली. म्हणाली, पेढ्यानं तुझी साखर वाढेल. दटावणं पूर्ण गेलं नव्हतं.

काम सुरू होऊन थोडेच महिने झाले होते. एका पहाटे ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्या मॅडम आल्या होत्या. हात जोडून म्हणाल्या, हा विषय दुसऱ्या कोणा विद्यार्थिनीनं पुढे न्यावा असं वाटतं, तुमची हरकत नाही ना? मी म्हटलं, द्या, पण ती जर नर्स असेल तर तिला आधी वेचायला पाठवा. त्या हसल्या, मग डोळे पुसू लागल्या. मी त्यांना पाणी दिलं.

परवा माझी सून रंजना वावरातून आली आणि दारातच कंबर धरून उभी राहिली. मी विचारलं, "काय होऊन राह्यलं वो?" ती म्हणाली, "काई नाई जी, बरं हाय." पूर्वी मी म्हटलं असतं, पानी पेत जाय, आणि चुलीकडे गेले असते. मी गवारीची टोपली पुढ्यात ओढली आणि शेंगा मोडत बसले. वर पाहिलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसली आणि तीही शेंगा मोडू लागली... बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, "आई, आठ दिवसापासून जळजळ होते. कोनाले सांगू?"

शेंगा मोडून झाल्या होत्या. मी रिकाम्या टोपलीत हात घालून तशीच बसून राहिले. तिचं अजून सांगून व्हायचं होतं.