ढगाळ ग्रहणाची नोंद

दुर्गाघाटच्या गल्लीत रिक्षा येत नाही, म्हणून मी बंगळूरला निघाले त्या सकाळी अण्णा माझी बॅग उचलून रस्त्यापर्यंत चालत आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, पंचांग करायचे. ग्रहणाची वेळ आधी गणिताने काढायची आणि मग गंगेकाठी पंचगंगा घाटावर उभं राहून डोळ्यांनी पडताळायची, ही त्यांची रीत. निघताना त्यांनी एक कोरी वही हातात दिली. म्हणाले, "आधी दिसलेलं शाईने लिहायचं, मग गणित उघडायचं. उलट केलंस की ती नक्कल झाली."

आपल्या घाटावरच्या मराठी घरांतल्या तुमच्यापैकी जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे गेले, त्या सगळ्यांनी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

इथे माझं काम विमानाच्या पंखांचं. ठरावीक वेगाला पंख आपोआप फडफडू लागतो. त्याला फ्लटर म्हणतात. वाढू दिलं तर पंख तुटतो. तो वेग गणिताने काढायचा, मग मॉडेल विंड टनेलमध्ये, वाऱ्याच्या झोतात, ठेवून पाहायचा. एकदा मॉडेल गणितापेक्षा बरंच आधी थरथरलं. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुझंच काही चुकलं असेल." मी आकडा बदलला नाही. बोलणी खाल्ली, चाचण्या पुन्हा केल्या, दिवाळीला घरी गेले नाही. शेवटी मॉडेलच्या बुडाचा सांधा ढिला निघाला. गणितात तो घट्ट धरला होता. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी अण्णांचं वाक्य छापलं.

या वर्षी अण्णा गेले. तेरावं झाल्यावर त्यांच्या वह्या चाळल्या. मी दहा वर्षांची असतानाच्या सूर्यग्रहणाची नोंद सापडली. त्या सकाळी घाटावर आम्ही दोघं शेजारी उभे होतो आणि ग्रहण सुटेपर्यंत ढग हटले नव्हते. वहीत मात्र ग्रहण लागल्याची आणि सुटल्याची वेळ होती, शाईने, गणिताशी मिनिटासकट जुळणारी. पुढची पानंही तशीच. इतकं कधीच जुळत नाही.

आई म्हणाली, "लोक वही बघायला मागायचे गं. जुळलेलं नसलं तर पंचांग कोण घेणार?"

दादा म्हणाला, "छोड़ ना, आता कुणाला दाखवायचंय?"

म्हणजे दोघांनाही माहीत होतं. ज्या वाक्यासाठी माझी दिवाळी गेली, ते फक्त मीच पाळत होते.

घर म्हटलं की आता मला तीच ढगाळ ग्रहणाची सकाळ आठवते. घाटाच्या पायऱ्या चढताना अण्णा म्हणाले होते, "दिसलं नाही तर दिसलं नाही, असंच लिही." घरी येऊन मी तसंच लिहिलं. शेजारी बसून अण्णाही आपल्या वहीत लिहीत होते.