वाद्यवृंदाच्या डोक्यांचं माप

विषय : परदेशी वाद्यवृंदाचे बंगळूर शहरी आगमन व स्वागत.
संदर्भ : एक चौकशीचे पत्र, त्यावरील टिप्पणी, आणि त्या टिप्पणीवरील टिप्पण्या.

कारखान्याला आलेल्या पत्रात विचारलं होतं एवढंच, की आमचा वाद्यवृंद जगाच्या दौऱ्यावर निघण्याच्या विचारात आहे, तर तुमच्या शहरात स्टेडियम आहे काय? ‘आहे’ एवढं कळवलं असतं तरी भागलं असतं. पण आम्ही कमिटी नेमली! आणि कमिटी म्हटली की किस्से साठतातच. टेबलावरच्या धुळीसारखे. कोणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण बोट फिरवलं की दिसतात.

अध्यक्ष केळकर साहेब. आमच्या सरकारी कारखान्याचे वेल्फेअर ऑफिसर, पुण्याहून नुकतेच बदलून आलेले. सभासद रामोजीअण्णा. कारखान्यात फिटर, आणि सुटीच्या दिवशी बंगळुरातल्याच शिवाजीनगरातल्या स्वतःच्या लग्नाच्या बँडचे मुख्य क्लॅरिनेटवाले. त्यांचं घराणं इथं शहाजीराजांच्या वेळेपासूनचं. मी कारकून असल्यामुळे मला मत नव्हतं, फक्त शाई होती.

* * *

पहिल्याच बैठकीत रामोजीअण्णांनी आपली बाजू मांडली.

“साहेब, लग्नात आता लाउडस्पीकर लावतात. गाण्याची प्लेट फिरवली की झालं. दोघं बँड सोडून गेले, बाकीचेही स्वल्प दिवसांत जातील. एकदा, एकदाच आमचा बँड स्टेडियमात वाजू द्या. मग बघू या, कुणाची छाती होते प्लेट लावायची!”

केळकर म्हणाले, “अण्णा, जगातले मोठे वादक येणार. त्यांच्यापुढे तुमचा लग्नाचा बँड?”

“मग काय साहेब, ते आपल्याच स्वागताला आपण वाजवत येणार का?”

बँड मंजूर झाला.

* * *

मग ओवाळणीचा प्रश्न आला. केळकरांचा आग्रह, की प्रत्येक वादकाला सुवासिनीने ओवाळावं. मी हळूच सुचवलं, की शेवटच्याला ओवाळून होईपर्यंत पहिल्याची परतीची गाडी सुटेल!

ओवाळायला रामोजींची थोरली बहीण कृष्णाअक्का. तिची अट एकच : “बोडक्या डोक्याला मी ओवाळत नाही. राजा असू दे नाहीतर इंजिनिअर.”

म्हणजे सगळ्यांना मैसूर पेटे, इकडच्या जरीच्या पगड्या, आले. पेटे बांधणारा म्हणाला, मापं द्या. आम्ही रीतसर पत्र पाठवलं : ‘आपल्या सर्व वादकांच्या डोक्यांचा घेर त्वरित कळवावा.’

महिन्याने उत्तर आलं. ‘माप कळवण्यास हरकत नाही. परंतु आपल्या शहरात डोक्याची कोणती साथ चालू आहे, हे कृपया आधी कळवावे!’

* * *

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला ठरला. रामोजींनी भिंतीवरच्या पंचांगावर बोट ठेवलं. केळकरांना कळेना.

“साहेब, राहूकाळ,” रामोजी म्हणाले. “रविवारी साडेचार ते सहा.”

“आमच्या पुण्यात असलं काही पाळत नाहीत हो.”

“राहू नाही पुण्यात?”

“आहे की. पण त्याला ड्यूटी लावलेली नाही!”

कार्यक्रम सव्वासहाला सरकला. कारण विचारल्यास ‘स्थानिक वाहतूक’ असं लिहायचं ठरलं. इतिवृत्तात मी तसंच लिहिलं. एका अर्थी खोटं नव्हतं. ग्रहसुद्धा फिरतातच.

* * *

शहराबाहेर आनेकलच्या बाजूला एका देवळाचा हत्ती होता. मिरवणुकीत पुढे हत्ती हवा, असं सर्वानुमते ठरलं. आता स्टेडियमच्या गवताची परवानगी हवी. मैदानाची राखण मुनियप्पा माळ्याकडे. हे गवत त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. केळकर स्वतः त्याला भेटायला गेले, मी मागून फाइल घेऊन.

मुनियप्पाने फार विचार केला. मग म्हणाला, “आने बरली सार. सेंटर सर्कल बेडा.”

हत्ती येऊ दे, पण मधल्या वर्तुळात नको!

केळकर हत्तीच्या माहुताकडे गेले. वर्तुळ टाळून चालवता येईल का? माहूत म्हणाला, “मी सांगेन साहेब. त्याने फुटबॉल बघितलेला नाही, एवढंच.”

हत्ती रद्द झाला.

* * *

रंगीत तालमीचा दिवस उजाडला. दुपारी केळकरांना मद्रासहून ट्रंककॉल आला. वाद्यवृंद कोलंबोहून परस्पर सिंगापूरला जाणार. बंगळूर रद्द.

केळकर तसेच स्टेडियमवर आले. बँड दारात उभा होता. लाल कोट, पितळ चकचकीत घासलेलं. सोडून गेलेले दोघेही परत आलेले. केळकरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

“अण्णा, ते येत नाहीत. कॉल आला होता.”

रामोजींनी क्लॅरिनेट बाहीने पुसलं. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. पण तालीम आहे ना?”

“तालीम... तालीम आहे.”

पाहुणा कुणीतरी हवा. कारकुनाला नाही म्हणता येत नाही. माझ्या डोक्यावर पेटा चढला, कानांपर्यंत आला, कारण घेर अखेरपर्यंत कळलेलाच नव्हता. मैदानात जायच्या बोगद्यातून बँड आत शिरला, मागून मी, जगप्रसिद्ध वाद्यवृंद होऊन एकटाच.

रिकाम्या स्टेडियममध्ये तो आवाज असा घुमला, की फुटबॉलची प्रॅक्टिस करणारी पोरं जागच्या जागी थांबली. रस्त्यावरची माणसं आत येऊ लागली. फुलवाल्या, कॅन्टीनवाले, बसची वाट बघणारे. पायऱ्यांवर बसली. कृष्णाअक्काने मला ओवाळलं आणि पुटपुटली, “हलू नकोस रे, पेटा पडेल.” रामोजी वाजवत वाजवत निघाले ते थेट सेंटर सर्कलमध्ये जाऊन उभे राहिले. मी मुनियप्पाकडे बघितलं. तो हात जोडून उभा होता.

अंधार पडेपर्यंत कोणी उठलं नाही. एका म्हाताऱ्याने केळकरांना विचारलं, “पाहुणे कोण होते?” केळकर म्हणाले, “फार लांबून आले होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रामोजीअण्णांनी माझ्या टेबलावर अर्ज ठेवला : सदर तालीम दरवर्षी घेण्यास परवानगी मिळावी. पाहुण्यांची आवश्यकता नाही.

केळकरांनी शिफारस करून अर्ज वर पाठवला. वरून ‘चर्चा करावी’ असा शेरा आला. चर्चेची तारीख पडली नाही. केळकर पुण्याला परत गेले, मी निवृत्त झालो. परवा शिवाजीनगरच्या बसस्टँडवर रामोजीअण्णा भेटले. काखेत क्लॅरिनेटची पेटी, मागे लाल कोटातले चौघे. “काही कळलं का हो?” त्यांनी विचारलं.

अर्ज विचाराधीन आहे.