लाल चौकोनातली तीन गावं

विमानाला उतरायला जागा मिळत नव्हती, म्हणून वैमानिकानं मुंबईच्या पूर्वेला दोन वळसे घातले आणि मला माझा चौकोन वरून बघायला मिळाला. उल्हास नदीचं वळण, दाटीवाटीनं पसरलेलं उल्हासनगर, पुढे अंबरनाथचे कारखाने, मग बदलापूर आणि त्याच्यामागे एकदम उभे राहिलेले डोंगर. शेजारचे गृहस्थ उशीर होतोय म्हणून विमानखात्याच्या नावानं बोटं मोडत होते. मी त्याच खात्यातली आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं तरी नक्की शिकले आहे.

माझं काम असं. देशात विमानं वाढताहेत, विमानतळ वाढताहेत, म्हणून आकाशातल्या जुन्या वाटा बदलून नव्या आखण्याचा मोठा सरकारी आराखडा चालू आहे. त्या नव्या वाटांखाली कुठे किती उंच बांधता येईल, याचे नकाशे मी दिल्लीत बसून करते. नकाशावर चौकोन असतात. हिरव्या चौकोनात पालिका स्वतःच परवानगी देते. लाल चौकोनात आधी आम्हाला विचारावं लागतं. या तीन गावांचा चौकोन लाल आहे आणि तो मीच केला. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये नकाशे मंत्र्यांसमोर मांडायचे होते, इथली मोजणी झालेली नव्हती. तेव्हा बदलापूरच्या डोंगराची उंची उचलली आणि सगळ्या चौकोनाला लावून टाकली. खाली शेरा मारला, 'मोजणीनंतर दुरुस्ती करावी.' आमच्याकडे म्हणतातच, लाल रंगानं कुणाची नोकरी जात नाही.

त्या मोजणीला आता मुहूर्त लागला होता. तीन दिवस, तीन गावं.

उल्हासनगरात पत्ता सांगताना आधी कॅम्पचा नंबर सांगतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत आणून वसवलं, तेव्हापासून ती सवय. कॅम्प तीनच्या एका गल्लीत आमचे सर्वेअर मोरे तिपाई आणि यंत्र घेऊन उभे होते. कल्याणचे, पन्नाशीचे, पोट सुटलेले आणि कशालाच न घाबरणारे. गल्लीच्या एका बाजूला जीन्स शिवणाऱ्या मशिनी धडधडत होत्या, दुसऱ्या बाजूला सोफे उन्हात वाळत घातल्यासारखे मांडले होते.

"मॅडम, टेन्शन नको," मोरे म्हणाले. "ही चार माळ्याची बिल्डिंग गल्लीत सगळ्यात उंच आहे. गच्चीवर गेलो की अर्ध्या तासात काम खल्लास."

तळमजल्यावर दादा घनशाम यांचं फराळाचं दुकान होतं. त्यांनी आम्हाला खाल्ल्याशिवाय वर जाऊच दिलं नाही. दाल-पकवान (मैद्याची कडक तळलेली पुरी आणि वर दाट चणाडाळ) पुढे ठेवून म्हणाले, "साईं, पोट भरून वर जा. जिना असा आहे, खाली याल की नाही भरोसा नाही." आणि स्वतःच खदखदून हसले. मीही हसले. पकवान फार चांगलं होतं, मी दोन खाल्ले.

जिना बघितल्यावर हसू पळालं. प्रत्येक माळ्यावर छताला लोखंडी टेकू दिलेले होते. भिंतीवर पालिकेची नोटीस होती, 'इमारत अतिधोकादायक'. दारांतून मात्र फोडणीचे वास येत होते, एका दारात रांगोळीसुद्धा होती. तिसऱ्या माळ्यावर एका बाईंनी आम्हाला अडवलं. साठीच्या, केस घट्ट बांधलेल्या, चष्म्याला दोरी. मोऱ्यांच्या खांद्यावरचं यंत्र बघून त्यांनी विचारलं, "कुठून आलात?"

"मॅडम दिल्लीहून आल्यात. विमानवाल्यांच्या हापिसातून."

बाईंनी दाराची चौकट धरली. मग आत तोंड करून ओरडल्या, "अहो, पत्र पोचलं! ऐकलंत का, माणसं आली दिल्लीहून!"

कसलं पत्र, असं मी तिथेच विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "हो, मोजणीलाच आलोय." वाक्य खोटं नव्हतं आणि म्हणूनच मी ते निवडलं.

त्या प्रज्ञाताई. इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरी, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांनी आम्हाला आत बसवलं, फोन करून करून वरखालची चार घरं गोळा केली आणि साखर जास्त घातलेला चहा दिला. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, ताजी फुलं वाहिलेली. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. बिल्डर तयार होता, पालिकेनं इमारतीचा नकाशा पाहून ठेवला होता, लोक सामान बांधायला लागले होते. तेवढ्यात विमानखात्याचा नवा नकाशा आला आणि चौकोन लाल निघाला. दिल्लीच्या दाखल्याशिवाय बिल्डर कुणाला हलवायला तयार नाही आणि दुसरीकडे जायची कुणाची ऐपत नाही.

"आमचे हे शहाडला धाग्याच्या कारखान्यात फिटर होते," त्या म्हणाल्या. "नकाशा आला त्याच वर्षी, जुलैत, एकदा रात्रपाळी करून आले, झोपले आणि वरचा स्लॅब आला खाली. कमरेखाली जीवच राहिला नाही."

मी मनात मार्चपासून जुलैपर्यंतचे महिने मोजले. चार. बांधलेलं सामान त्या चार महिन्यांत घराबाहेर पडायला हवं होतं.

आतल्या खोलीत ते कॉटवर सरळ पडून होते. माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "जयभीम, मॅडम. पत्रांत अक्षर हिचं असतं हां, मजकूर माझा. मी सांगतो, ती लिहिते. सगळी वाचलीत?"

"वाचली," मी म्हणाले.

"थोडी कडक झाली का?"

"नाही हो. नेमकी होती."

समाधानानं त्यांनी डोळे मिटले. आयुष्यात मी थापा पुष्कळ मारल्या आहेत, कचेरीत तर त्यावरच गाडा चालतो. पण पडून असलेल्या माणसानं माझी थाप अशी जपून ठेवून घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली. मी गच्चीवर पळाले. मोऱ्यांनी आकडा वाचून दाखवला. माझ्या नकाशातल्या आकड्याच्या तो जवळपासही नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंबरनाथ. सकाळी कारखान्यांची धुराडी मोजली. एका वॉचमननं "फोटो अलाऊड नाय" म्हणून आम्हाला तासभर उन्हात उभं केलं. मोरे त्याला आराखडा समजावत होते आणि तो मान हलवून पुन्हा तेच सांगत होता. दुपारी मोरे मला जुनं शिवमंदिर दाखवायला घेऊन गेले. काळ्या दगडावरची इतकी बारीक शिल्पं एरवी मी तास न् तास बघत बसले असते. त्या दिवशी पायरीवर बसून दिल्लीला फोन लावला आणि सहकाऱ्याला त्या सोसायटीच्या पत्रांचं विचारलं.

"आहेत ना," तो म्हणाला. "'आराखडा पक्का झाल्यावर' म्हणून जो गठ्ठा आहे, त्यात. तो गठ्ठा तुम्हीच करायला सांगितला होता, मॅडम. उत्तरंही गेलीत. 'प्रकरण विचाराधीन आहे.' सही तुमचीच."

मोऱ्यांनी विचारलं, "काय झालं? तब्येत बरी नाय का?" मी उन्हाचं कारण सांगितलं. ते बिचारे धावत जाऊन कोकम सरबत घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी बदलापूरमार्गे जांभूळच्या बाजूला गेलो. पाण्याचे मोठे नळ रस्त्याच्या कडेनं चाललेले, पुढे भातखाचरं आणि पलीकडे डोंगराचा पहिला टप्पा. मी चपला घालून आले होते, अर्ध्या चढावर एकीचा अंगठा तुटला. मग उरलेला चढ अनवाणी. वर एक काका म्हशी चारत होते. माझ्या पायांकडे बघून ते आधी हसले, मग जवळचं पाणी दिलं.

"काय मोजताव?" त्यांनी विचारलं.

"डोंगराची उंची. विमानांसाठी. या भागात घरं किती उंच बांधायची, ते ठरवायला."

"या भागात म्हंजे?"

मी हात फिरवून बदलापूर, अंबरनाथ, लांबवर धुरकट दिसणारं उल्हासनगर दाखवलं.

काकांनी एकदा डोंगराकडे, एकदा खाली पाहिलं. "डोंगर हितं, नि ती शहरं पार खाली. हितला माप तितं कसा चालल?"

दिल्लीत त्या नकाशावर सहा जणांच्या सह्या होत्या. एकानंही हे विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं ते मुख्यतः मीच. मी म्हणाले, "नाही चालत." ते म्हणाले, "मंग?" आणि म्हशीमागे गेले.

परतीचं विमान संध्याकाळचं होतं. मोऱ्यांना सांगून मी गाडी उल्हासनगरला वळवली. वाटेत नव्या चपला घेतल्या, नुसता वेळ काढायला तीन दुकानं फिरले. शेवटी तो जिना चढले. प्रज्ञाताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मी दारातच उभी राहून सांगून टाकलं. मी पत्रांमुळे आलेली नाही. ती पत्रं मी उघडलीसुद्धा नाहीत. चौकोन लाल होता, कारण तो मी केला. मोजणीला वेळ नव्हता म्हणून आणि माझ्यावर काही येऊ नये म्हणून.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "कधी केलात?"

"दोन वर्षांपूर्वी. मार्चमध्ये."

त्यांचेही महिने मोजून झाले असावेत, कारण भाकरी करपली तरी त्या हलल्या नाहीत. मग गॅस बंद केला. मी शिव्यांची वाट बघत होते. खरं सांगते, मला त्या हव्याच होत्या. त्या खाऊन मी मोकळी झाले असते.

"मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे आत नका सांगू. ते रोज विचारायचे, तिकडे कुणी वाचतं का गं? मी म्हणायचे, वाचतात. परवापासून ते नीट जेवतात."

"पण तुम्ही..."

"मला कळलं तेवढं पुरे. तुम्ही दाखला द्या."

आतून आवाज आला, "कोण आलंय गं?"

"दिल्लीच्या मॅडम. निघाल्यात, भेटायला आल्या."

"त्यांना म्हणावं, थँक्यू."

मी जिना उतरल्यावर दादा घनशाम यांनी कोकीचं (कांदा घातलेली जाड सिंधी पोळी) पुडकं हातात कोंबलं आणि पैसे घेतले नाहीत. विमानतळावर ते उघडलं आणि तसंच मिटून ठेवलं.

दिल्लीत पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो चौकोन फोडला. डोंगराचा भाग लाल ठेवला, खालची गावं हिरवी केली. तेवढ्यात टेबलावरचा चहासुद्धा पुरता निवला नव्हता. 'बदलाचे कारण' या रकान्यात मी आधी 'माझी चूक' असं लिहिलं, मग ते खोडून 'प्रत्यक्ष मोजणीनुसार' असं लिहिलं. तेच वर गेलं आणि मोजणी तत्परतेनं झाली म्हणून वरून कौतुकाचा शेरा आला. प्रवासातून माणूस शहाणा होऊन येतो म्हणतात. मी आले ती होते तशीच, फक्त आता मला ते दिसतं.

महिन्याभरानं सोसायटीचं पाकीट आलं. शिक्षिकेचं गोल, टपोरं अक्षर. 'आमच्या पत्रांची आपण वेळोवेळी दखल घेतलीत, प्रत्यक्ष येऊन पाहणी केलीत, याबद्दल आम्ही सर्व रहिवासी आपले ऋणी आहोत.' खाली सेक्रेटरी म्हणून प्रज्ञाताईंची सही आणि शेजारी, पडल्या पडल्या केलेली, तिरकी जाणारी त्यांच्या यजमानांची.

मी ते पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचलं. त्या घरातून आलेल्या पत्रांपैकी मी वाचलेलं ते पहिलंच.