आठ तारांचा बेस

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा चंद्रपूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची. लग्नाचे स्वागत समारंभ, गणपती, नवरात्रातला शारदोत्सव, सिमेंट कारखान्यांच्या कॉलन्यांमधले कार्यक्रम. चंद्रपुरात खोली करून राहायची, शिकवण्या घ्यायची आणि सुट्टी मिळाली की गोंडपिपरीला घरी जायची. घरी धानाची शेती. बाबा गावच्या भजन मंडळात पेटी वाजवत. माझ्या वाजवण्याला त्यांनी कधी ना म्हटलं नाही, पण एकदा आमचा कार्यक्रम पाहून आल्यावर म्हणाले, "सगळं मस्त झालं. फक्त त्यातला तुझा आवाज कोनता होता बाई? मले तर ओळखूच नाई आला."

बेसचं तसंच असतं. तो थांबला की लोकांना काहीतरी कमी वाटतं, चालू असताना कुणाचं लक्ष नसतं.

त्याच सुमारास आमच्या गिटारवाल्याला कोरपन्याकडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो शिफ्टमध्ये अडकला. कीबोर्ड, ड्रम आणि मी, एवढेच उरलो. आवाज पोकळ वाटायला लागला. एक दिवस कीबोर्डवाल्याने कुठूनशी एक कॅसेट आणली. त्यातला बेस मी तीनदा मागे नेऊन ऐकला. खाली नेहमीचा जाड सूर होता आणि त्याच क्षणी वर, अगदी त्याला चिकटून, तोच सूर बारीक आवाजात. "दोघं जण वाजवून राह्यले का?" मी विचारलं. तो म्हणाला, "नाई, एकच आहे. आठ तारांचा बेस. दर जाड तारेच्या बाजूला एक पातळ तार, वरच्या सप्तकातली."

मला तो हवाच झाला. नागपूरच्या दुकानदाराने सांगितलं, मुंबईहून मागवावा लागेल, आणि किंमत सांगितली. मी "बरं" म्हणून पायऱ्या उतरले आणि समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायले.

घरी आल्यावर बाबांना समजावून सांगताना मला वाटलं होतं, ते हसतील. ते पेटीपुढेच बसले होते. सगळं ऐकून त्यांनी पेटीची एक खुंटी ओढली आणि षड्ज दाबला. वरच्या सप्तकातली पट्टीही आपोआप खाली गेली. "हा पाह्य, कप्लर. असंच ना?"

"असंच," मी म्हटलं.

"मंग लागतेच ते. याच्याबिगर भजन भरत नाई." आणि त्या दिवसापासून माझा शोध त्यांचाही झाला. ज्या गावाला भजनाला जातील तिथे विचारायचे, आठ तारांची गिटार कोणाकडे आहे काय? लोकांनी बुलबुल तरंग दाखवला, एकाने तुंब्याला तडा गेलेली सतार. शेवटी चामोर्शीहून निरोप आला : आमच्या इथी एकाकडे आहे, पक्क्या आठ तारा.

आम्ही एसटीने आष्टीवरून चामोर्शीला गेलो. बाजाराचा दिवस होता, गाडीत कोंबड्या आणि टोपल्या. ज्यांच्याकडे गेलो ते भाऊ तलावात मासे धरायचे आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. त्यांनी कापडातून वाद्य काढलं. ते मँडोलिन होतं! तारा मात्र मोजून आठ.

माझं तोंड पाहून ते गोंधळले. "काऊन, आठच हायेत ना?"

बाबांना हसू आवरेना, मग मलाही. भाऊंनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांच्या बायकोने जेवायला बसवलं, भात आणि मासोळीचा रस्सा. जेवण झाल्यावर त्यांनी मँडोलिन वाजवलं, बाबांनी ताटावर ठेका धरला. निघताना मी त्यांना नीट सांगितलं, मला नेमकं काय पाहिजे ते. ते मँडोलिन कापडात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "जाडी गिटार म्हनता? हे मँडोलिन मी बल्लारशाच्या एका गार्डसाहेबाकडून घेतलं. रेल्वेतून रिटायर हायेत. त्यांच्याकडे भिंतीवर तसलं काहीतरी टांगलेलं होतं. खुंट्याच खुंट्या."

पुढच्या रविवारी आम्ही बल्लारशाला. रेल्वे कॉलनीच्या मागे त्यांचं छोटं घर होतं. गार्डसाहेब सिकंदराबादचे, उंच, बोटांना संधिवात. बेस खरंच भिंतीवर होता, तपकिरी, आठ खुंट्यांचा, तारांना गंज चढलेला. त्यांनी तो उतरवला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "बजाओ."

मी खालची जोडी छेडली. सूर उतरलेले होते, तरी ते दोन आवाज एकत्र उठले. मी तीच जोडी पुन्हा छेडली. बाबा हळूच म्हणाले, "आता आयकू येते."

किमतीचं विचारलं तर गार्डसाहेब म्हणाले, "जितने में लिया था, उतने में ले जाओ." त्यांनी तो घेतला होता माझ्या जन्माच्याही आधी. माझ्या शिकवण्यांच्या जमवलेल्या पैशांत तो सहज बसला. बाबांना हे पटेना. विकत घेणाऱ्याने भाव वाढवायचा, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. गार्डसाहेब मान हलवत राहिले. शेवटी बाबांनी त्यांच्या बायकोला सांगितलं, नवा तांदूळ निघाला की एक पोतं आणून देतो, आणि ते तिने लगेच कबूल केलं.

त्या बेसने मला पुष्कळ राबवलं. दोन तारा एकदम दाबून बोटांना घट्टे पडले. सूर लावायला इतरांपेक्षा दुप्पट वेळ. पातळ तारा साध्या गिटारच्या लावल्या, जाड नागपूरहून आणल्या. पण आमच्या तिघांचा आवाज भरला आणि गिटारवाला शोधायचं आम्ही सोडून दिलं.

त्या वर्षी गणपतीत बल्लारशाला कार्यक्रम होता. गार्डसाहेब बायकोला घेऊन पुढच्या खुर्चीवर येऊन बसले. पहिलं गाणं संपलं तसे ते उठून स्टेजजवळ आले, मला खाली वाकायला लावलं आणि तिसऱ्या जोडीतली पातळ तार स्वतः किंचित चढवली. "ये हमेशा उतरती है," ते म्हणाले, "इसकी आदत है."

कार्यक्रमानंतर त्यांची बायको मला म्हणाली, भिंतीवर ज्या खिळ्याला बेस टांगलेला होता, तिथे तिने आता घड्याळ लावलंय. ते मागे पडतं आणि साहेब रोज सकाळी त्याचे काटे पुढे करत बसतात. हातांना काहीतरी काम पाहिजेच त्यांच्या, असं म्हणून ती हसली आणि माझ्या बोटांचे घट्टे हात लावून पाहू लागली.