दोन सूर्यांखालची मेथी

मंडळी, आत्ताच धाड गावच्या बाजारातून आलो आणि अजून डोकं ठिकाणावर नाही.

आपल्या लाडक्या विज्ञान कादंबरीमालेवर आपण वाचकांनी काढलेला अंक पिशवीत होता. भाजीवाल्या कमलमावशी मेथी भरता भरता मुखपृष्ठावरच्या ग्रहाकडे पाहतच राहिल्या.

"हे दोन सूर्य हायेत काय?"

"हाव, मावशी."

"मंग रोपाले सावली कोन्या बाजूनं करतेत? आम्ही मावळतीकडून जुनं लुगडं बांधतो. इथं तं दोन मावळती!"

मी मुखपृष्ठ पुन्हा निरखून पाहिलं.

आपण युद्धांचे नकाशे छापले, यानांवरून महिनोन्महिने भांडलो. तिथं भाजी कशी पिकते, हे एकानंही विचारलं नाही. मावशी मात्र क्षणात त्या ग्रहावर जाऊन वाफ्यापाशी उभ्या होत्या.

येत्या बाजारी त्यांना उत्तर हवंय. सांगा, लुगडं कुठं बांधायचं?