टायरची जन्मतारीख

"जन्मतारीख बघितली का?"

बोईसरच्या आमच्या कारखान्यात नवी गाडी घेऊन येणाऱ्याला पेढे वाटायच्या आधी या प्रश्नाला उत्तर द्यावं लागे. विचारणारे आमचे मेंटेनन्समधले फिटर, साऱ्या कंपनीचे दादा. गाडीचा रंग, आरसे, सीट याकडे ते ढुंकूनही बघत नसत. थेट पुढच्या चाकापाशी उकिडवे बसत, खिशातलं फडकं काढून टायरची बाजू पुसत आणि त्यावरचे चार आकडे शोधत. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. आकडे पटले तर "चालव" म्हणत. नाही पटले तर फडकं घडी करून खिशात ठेवत, आणि पेढ्याची चव जाई.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आपण त्याची थट्टा करतो आणि सांगतो ते ऐकतोही. मुलीकडचे लोक पत्रिका बघणार नाहीत इतक्या बारकाईने हे टायर बघतात, असं आमच्या कँटीनमध्ये रोज कोणीतरी म्हणायचंच. दादांना ते ऐकू जाई. ते खाली मान घालून भात कालवत राहत.

एकदा एका कंत्राटदाराच्या मोटरसायकलचा टायर त्यांना पटला नाही. तीन दिवस त्यांनी त्याला सांगून पाहिलं. चौथ्या दिवशी शिफ्ट सुटली तेव्हा त्याच्या गाडीचे दोन्ही टायर बसलेले. मॅनेजरने बोलावलं, तर दादांनी आढेवेढे न घेता कबूल केलं. "हवाच काढली साहेब, जीव नाय काढला." मॅनेजर हसले, आम्हीही हसलो. दादा हसले नव्हते, हे मला फार उशिरा आठवलं.

मी स्टोअर्सला. पालघरहून रोज मोटरसायकलने येतो. माझे टायर बदलायची वेळ आली तेव्हा मी दादांनाच घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. मला फक्त मागचा बदलायचा होता, तो पार गुळगुळीत झाला होता. पुढच्याच्या खाचा चांगल्या शाबूत होत्या. दादांनी पुढच्या टायरला अंगठ्याचं नख लावून दाबलं. नख रुतलं नाही. रबराचा दगड झालाय म्हणाले, दोन्ही बदला.

"मागचा गाडी ढकलतो," ते म्हणाले. "घरी नेतो तो पुढचा."

दुकानदाराने मोठमोठ्या गोट्यांचा एक दांडगा टायर काढला आणि वर्षानुवर्षं झिजणार नाही म्हणून सांगितलं. मी खूश झालो. दादांनी मला विचारलं, तुम्ही काय चिखलात शर्यत लावणार आहात का? रोज डांबरावरून जायचं तर टायरचं अंग डांबराला टेकलं पाहिजे. त्यांनी बारीक खाचांचा, मऊ रबराचा, दिसायला अगदीच बापुडवाणा असा रस्त्याचा टायर निवडला. मी कुरकुरलो की हा लवकर झिजेल. "झिजू दे," दादा म्हणाले. "झिजतो तोच धरतो."

मग आकड्यांचा कार्यक्रम सुरू झाला. एक जुना निघाला, दुसरा त्याहून जुना. आठ टायर खाली उतरवून झाल्यावर दुकानदाराने कपाळाचा घाम पुसला. "चाचा, टायर लेना है या दामाद ढूँढ रहे हो?" दादांनी नववा मागितला. मला त्या दिवशी फार लाज वाटली होती. आज त्याच टायरवर रोज पालघर-बोईसर करतो आणि वळणावर गाडी कधी सरकत नाही.

आमच्या स्टोअर्समध्ये रबराचा माल पुष्कळ. वॉशर, ओरिंग, गॅस्केट. या सगळ्याला मुदत असते. दर वर्षी शटडाउनच्या आधी मुदत संपलेला माल भंगारात काढायचा आणि फिटरने तो तपासायचा, ही रीत. चार वर्षांपूर्वी एका दुपारी दादा त्यासाठी माझ्याकडे आले होते. त्यांनी एक बंद पाकीट फोडलं, आतली ओरिंग, म्हणजे सांध्यात बसवायची रबरी कडी, दोन्ही हातांनी ताणली. तिच्यावर बारीक बारीक भेगा उमटल्या.

"नवीकोरी हाय," ते म्हणाले. "पाकीटसुदा फोडलेलं नव्हतं." आणि मी काही विचारलेलं नसताना बोलायला लागले.

दादांनी लग्न केलं नव्हतं. मासवणला घर, घरात धाकटा भाऊ, भावाची बायको आणि त्यांची मुलगी. भावाला मनोरला नोकरी लागली आणि त्याने जुनी मोटरसायकल घेतली. पुढचा टायर गेलेला होता. दादांनी पूर्वी स्वतःच्या गाडीसाठी एक जादा टायर घेऊन ठेवला होता, तो नऊ वर्षं माळ्यावर, तापल्या पत्र्याखाली कागदात गुंडाळलेला होता. कागदही सोडला नव्हता. भावाच्या कौतुकात त्यांनी तो खाली उतरवला आणि आपल्या हाताने बसवून दिला. तीन आठवड्यांनी, लख्ख उन्हात, मासवणच्याच वळणावर सातपाटीकडून आलेल्या मासळीच्या टेम्पोतून बर्फाचं पाणी सांडलं होतं. भावाने ब्रेक दाबला, पुढचं चाक निसटलं. मागून ट्रक येत होता.

पोलिसांनी पंचनाम्यात टायर नवा असल्याचं लिहिलं. गाव म्हणालं, भावाने भावाला नवा टायर घालून दिला, तो काय करणार, नशीबच खोटं. भावाची बायकोही येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगायची. दादा समोर बसून ऐकायचे. आकड्यांचं त्यांच्या लक्षात आलं ते तेराव्यानंतर, कामावर परत येऊन पहिली ओरिंग हातात घेतली तेव्हा.

"हितं आमी रोज मुदत बघून रबर फेकतो, भाऊ," ते म्हणाले. "घरचं रबर नाय बघितलं."

मग त्यांनी विचारलं, "तिला सांगू का? नऊ वर्सं झाली. दर वर्साला वाटतं सांगावं."

मी नको म्हटलं. सांगितल्याने गेलेला माणूस परत येणार आहे का, त्या बाईने तुमच्या आधारावर मुलगी वाढवली, आता तिचा तो विश्वास कशाला मोडता, असं बरंच काही बोललो. राहू द्या दादा, म्हटलं. त्यांनी ती ओरिंग भंगारात टाकली. मग "बरं" म्हणाले, भंगाराच्या कागदावर सही केली आणि गेले. त्या दिवशी मला आपण फार शहाणपणाचं बोललो असं वाटत होतं. पुन्हा त्यांनी तो विषय माझ्याजवळ काढला नाही.

गेल्या वर्षी दादा गेले. दोन दिवस तापाने पडले आणि तिसऱ्या दिवशी उठलेच नाहीत. अजूनही गाड्यांच्या शेडमध्ये कोणी चाकापाशी उकिडवं बसलेलं दिसलं की मी तिकडे वळतो. बघतो तर कोणीतरी सांडलेली किल्ली शोधत असतं.

गेल्या महिन्यात वहिनींचा, म्हणजे दादांच्या भावजयीचा, फोन आला. त्यांची मुलगी बावीस वर्षांची झाली, बोईसरला एका लॅबमध्ये लागली, आणि बापासारखीच जुनी मोटरसायकल घेऊन बसली. टायर बघायला भावजी नाहीत, तुम्ही याल का, असं विचारत होत्या. रविवारी मासवणला गेलो.

गाडी अंगणात होती. पुढचा टायर टक्कल पडलेला. मी सांगितलं, नवा घेऊ, मी येतो दुकानात. वहिनी म्हणाल्या, कशाला, घरात आहे. ओटीवरच्या खुंटीला जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल टांगलेलं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उतरवलं. नवऱ्याची मोडकी गाडी भंगारात देताना त्यांनी टायर तेवढा काढून घेतला होता. तीन आठवडेच चाललेला, मोडीत कशाला घालायचा?

"भावजींना दोनदा म्हटलं, तुमच्या गाडीला घाला. ते म्हणायचे राहू दे, त्याची आठवण हाय."

बारा वर्षं दादा याच दारातून आत-बाहेर करत होता.

मी म्हणालो, वहिनी, फार जुना झालाय, आता नको. एवढ्यावर भागलं असतं. पण मुलीने लुगडं बाजूला केलं, ओढणीने टायरची बाजू पुसली आणि आकडे शोधायला लागली. दादांनी घरात कधी त्या आकड्यांचं नाव काढलं नव्हतं. ती फोनवर बघून शिकली होती.

"आई, हा माझ्या जन्माच्या वर्साचा हाय," ती म्हणाली. "बाबा गेले तवा मी नऊ वर्सांची होते ना?"

वहिनी पायरीवर बसल्या. त्यांना हिशेब समजावून सांगावा लागला नाही.

"तुज्या बाबांच्या मागे भावजी कदी ओटीवर जेवले नाय," त्या मुलीला म्हणाल्या. "मागच्या दारी ताट घेऊन बसायचे. पावसात बी. मला वाटायचं, एकटी बाई घरात, लोकं काय म्हणतील म्हणून असतील." मग माझ्याकडे वळल्या. "त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"तुमाला बोलले होते?"

"हो. तुम्हाला सांगू का, असं मला विचारलं होतं. मी नको म्हटलं, वहिनी."

त्यांनी लुगडं परत टायरवर ओढलं.

"मी त्यांना आत बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "तुमी कोण ठरवणारे, भाऊ?"

आवाज चढलेला नव्हता. मुलीला म्हणाल्या, काकांना चहा दे. मी बसून राहिलो, उठून जायलाही मला तोंड नव्हतं.